पक्ष्यांचें दप्तर : फ्रँक चॅपमन याचें कार्य

(१) विषयप्रवेश

जुने कागद, नाणीं किंवा ताम्रपट जमविणारांस एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असते. वस्तु जेथें सांपडली तेथून ती उचलली कीं तिच्याविषयींची निम्मी माहिती तेथेंच राहून जाते. रुमालांतून निराळें काढलेलें पत्र अस्सल असलें, तरी त्याच्या मागचा-पुढचा कागद कोणता होता हें कळेनासें झालें म्हणजे तें मुकें होतें. पक्षिविद्येच्या अभ्यासकांपुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रश्न अधिक कठोर रूपानें उभा राहिला. कारण तेथें वस्तु उचलावयाची म्हणजे पक्षी मारावयाचा. अमेरिकेंतील फ्रँक चॅपमन (इ. स. १८६४–१९४५) यानें या प्रश्नाला जें उत्तर दिलें तें संग्राहकमात्रास विचार करावयास लावणारें आहे. म्हणून त्याचा वृत्तान्त येथें देत आहों.

चॅपमन हा एका द्वैमासिकाचा संपादक होता, संग्रहालयांतील देखाव्यांचा रचनाकार होता, आणि पक्ष्यांचीं छायाचित्रें घेणाऱ्या पहिल्या पिढींतला होता. हीं तिन्ही कामें निरनिराळीं म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें तीं एकाच कामाचीं तीन अंगें होत. पक्ष्याला त्याच्या स्थळकाळापासून न तोडतां त्याची नोंद करणें व ती नोंद पुष्कळांच्या हातीं देणें, हेंच तें काम.

(२) पूर्ववृत्त

चॅपमनचा जन्म १२ जून १८६४ रोजीं न्यूयॉर्क शहरानजीक न्यू जर्सी संस्थानांत झाला. शाळा संपतांच तो न्यूयॉर्कच्या एका बँकेंत नोकरीस लागला. विद्यार्थी म्हणून विद्यापीठाची पायरी तो कधीं चढला नाहीं. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञांचा संघ १८८३ त स्थापन झाला होता. त्या संघास पक्ष्यांच्या स्थलांतराच्या नोंदी करणारे स्वयंसेवक हवे होते, म्हणून १८८४ त चॅपमननें आपलें नांव दिलें. पहांटे उठून रानांत जावयाचें, दिसलेल्या पक्ष्यांची टिपणें करावयाचीं, आणि मग आगगाडी गांठून बँकेंत हजर व्हावयाचें, असा क्रम त्यानें त्या वसंतांत चालविला. १८८६ त त्यानें बँक सोडली. १८८८ त तो न्यूयॉर्कच्या ‘अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी’ या संग्रहालयांत जोएल आसाफ ॲलन याचा सहायक म्हणून रुजू झाला व १९४२ पर्यंत तेथेंच राहिला. १९१३ त ब्राउन विद्यापीठानें त्यास सन्माननीय पदवी दिली. परीक्षेची पदवी त्याच्यापाशीं कधींच नव्हती.

(३) टोप्यांची यादी

त्या काळीं अमेरिकेंत व युरोपांत स्त्रियांच्या टोप्यांवर पिसें, पंख, क्वचित् सबंध पक्षीच लावण्याची चाल होती. १८८६ सालच्या फेब्रुवारीच्या सुमारास चॅपमन दोन दिवस तिसऱ्या प्रहरीं न्यूयॉर्कच्या बाजारपेठेंतून हिंडला आणि समोरून येणाऱ्या टोप्या मोजीत गेला. एकंदर ७०० टोप्या त्यानें पाहिल्या. त्यांपैकीं ५४२ टोप्यांवर पिसें होतीं. कापलेलीं व रंगविलेलीं पिसें ओळखणें अशक्यच होतें. तरीहि १७४ पक्षी त्यानें नेमके ओळखले व त्यांच्या ४० जाती नोंदल्या. सुतार, सुरय यांसारखे नित्याचे पक्षी त्यांत होते. ही यादी पत्ररूपानें ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या साप्ताहिकांत छापली गेली. त्याचा संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यानें त्याच महिन्यांत पहिली ऑडुबॉन सोसायटी काढली होती.

या लेखाची किंमत साधनांची पारख असणाऱ्यांस सहज कळेल. चॅपमननें १९३३ सालीं आपलें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. तें वाचनीय आहे, परंतु सत्तरीच्या उंबरठ्यावर लिहिलेल्या आठवणींस ज्या मर्यादा असतात त्या त्यालाहि आहेत. टोप्यांची यादी ही मात्र समकालीन, डोळ्यांनीं पाहून त्याच वेळीं केलेली, स्थळ, काळ व संख्या यांसह दिलेली नोंद आहे. पिसांच्या व्यापाराविरुद्ध त्या काळीं कळकळीचें पुष्कळ लिहिलें गेलें. पण कोणता पक्षी किती संख्येनें टोपीवर चढला होता हें आज सांगावयाचें तर या बाविशी न उलटलेल्या तरुणाच्या यादीकडेच वळावें लागतें.

(४) सेबॅस्टियन नदीवरील पोपट

इतकें असूनहि चॅपमन हा प्रथम संग्राहकच होता, व त्या काळच्या संग्राहकाचें मुख्य हत्यार बंदूक हेंच होतें. अमेरिकेच्या पूर्व भागांत पोपटाची एकच देशी जात होती. तिला कॅरोलिना पोपट म्हणत. अंग हिरवें, डोकें पिवळें व तोंडाजवळ नारिंगी छटा, असें तिचें रूप होतें. १८८९ सालीं फ्लॉरिडांतील सेबॅस्टियन नदीवर चॅपमनला ही जात आढळली. ती दुर्मिळ होत चालली आहे हें तो जाणून होता. पुरेसे नमुने मिळाल्यावर हात आवरावयाचा निश्चयहि त्यानें केला होता. परंतु आणखी पोपट दृष्टीस पडतांच निश्चय टिकला नाहीं, आणि मारलेल्यांची संख्या पंधरावर गेली. ही कबुली त्यानें स्वतःच छापून ठेविली आहे.

१९०४ सालच्या एप्रिलांत फ्लॉरिडांतील ओकीचोबी सरोवराच्या ईशान्येस त्याला हेच पोपट पुन्हां दिसले. ते तेरा होते. मोकळ्या रानांत या जातीचे पक्षी दिसल्याच्या ज्या अखेरच्या विश्वसनीय नोंदी आहेत, त्यांत ही गणली जाते. पिंजऱ्यांतील शेवटचा पोपट २१ फेब्रुवारी १९१८ रोजीं सिन्सिनाटीच्या प्राणिसंग्रहालयांत मेला.

संग्रहालयांतल्या कातड्यांस चिठ्ठ्या आहेत, व त्यांवर स्थळ आणि तारीख आहे. म्हणून शास्त्राला त्यांचा आजहि उपयोग होतो. परंतु तो पक्षी थव्यांत कसा वागे, घरटें नेमकें कसें करी, पिलांस कसें भरवी, याची पुरी व निःसंशय नोंद कोणीं करून ठेविली नाहीं, आणि आतां ती होणें नाहीं. नक्कल उतरून घेण्यापूर्वींच अस्सल कागद जळून जावा तसाच हा प्रकार झाला.

(५) छायाचित्रें

१९०० सालीं चॅपमननें पक्ष्यांच्या छायाचित्रणावर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केलें. इंग्लंडांत रिचर्ड व चेरी कर्टन या बंधूंनीं १८९५ सालींच घरट्यांच्या छायाचित्रांचें पुस्तक काढलें होतें. चॅपमनच्या पुस्तकाचा विशेष हा कीं, त्यांत साहित्य व रीति यांची फोड करून सांगितली आहे.

तेव्हांचें काम कष्टाचें होतें. कॅमेरा म्हणजे तिकाटण्यावर ठेवावयाची जड लांकडी पेटी; तींत कांचेच्या पट्ट्या घालावयाच्या; प्रत्येक चित्रास नवी पट्टी. पट्ट्यांस प्रकाश पुष्कळ लागे, म्हणून उडता पक्षी टिपणें दुर्घट होतें. पक्षी हटकून परत येतो अशी जागा घरट्याचीच. त्यामुळें त्या काळचीं बहुतेक चित्रें घरट्याजवळचीं आहेत. छायाचित्रकार पेटी तेथें मांडून लांब रबरी नळीनें किंवा दोरीनें दुरून झडप उघडी. चॅपमननें याहून सोयीचें लपण वापरलें. मोठी छत्री जमिनींत रोवून तिच्याभोंवतीं झाडोऱ्याच्या रंगाचें कापड सोडावयाचें, भिंगापुरतें भोंक ठेवावयाचें, व आंत तासन् तास बसावयाचें. कांहीं वेळानें पक्षी त्या छत्रीला झुडुपाप्रमाणेंच समजूं लागतात.

चित्र घेतलें म्हणजे घरटें कोणत्या झाडावर आहे, अंडीं किती आहेत, पिलें केवढीं आहेत, हें सर्व तारखेनिशीं एका पट्टीवर उतरतें, आणि घरटें जागच्या जागीं राहतें. फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर इंडियन नदींत पेलिकन आयलंड नांवाचें लहानसें बेट आहे. त्यावर तपकिरी पाणकोळ्यांची वसाहत होती. चॅपमन १८९८ सालीं तेथें गेला, व पुढेंहि पुन्हां पुन्हां गेला. त्यानें घरटीं मोजलीं, चित्रें घेतलीं. हीं माहिती नुसत्या संग्रहांत राहिली नाहीं. चॅपमन व विल्यम डचर यांच्या खटपटीनें हा विषय अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याजपर्यंत पोंचला, आणि १४ मार्च १९०३ रोजीं त्यानें तें बेट संरक्षित म्हणून जाहीर केलें. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें वन्य पक्ष्यांसाठीं राखून ठेवलेली ही पहिली जागा होय. हें काम धोक्याचेंहि होतें. त्याच फ्लॉरिडांत बगळ्यांच्या वसाहतींवर पहारा करणारा गाय ब्रॅडली हा रक्षक ८ जुलै १९०५ रोजीं गोळी लागून ठार झाला.

(६) संग्रहालयांतील देखावे

पूर्वीं संग्रहालयांत पेंढा भरलेले पक्षी कपाटांत ओळीनें मांडीत. चॅपमननें तेथें निराळी रचना आणली. प्रत्येक देखावा एका खऱ्या जागेचा असावा. तेथें स्वतः जाऊन छायाचित्रें व रेखाटनें करावीं. माती, गवत, डहाळ्या तेथूनच आणाव्या. पानेंफुलें मेणांत हुबेहूब घडवावीं. आणि पाठीमागें त्याच जागेचा देखावा चित्रकाराकडून रंगवून घ्यावा, असा त्याचा दंडक होता. व्हर्जिनिया किनाऱ्यावरील कॉब्ज आयलंड या बेटाचा देखावा १९०२ च्या सुमाराचा. रंगविलेली पार्श्वभूमि शास्त्रीय संस्थेस शोभत नाहीं, असा आक्षेप तेव्हां निघाला. परंतु संग्रहालयाचा अध्यक्ष मॉरिस जेसप यानें चॅपमनची बाजू उचलून धरली. पुढें लुई अगासी फुअर्टीस यासारखे पक्षिचित्रकार या कामीं आले, व १९०९ सालीं उत्तर अमेरिकेच्या पक्ष्यांचें दालन खुलें झालें. पेलिकन आयलंड तेथें मांडलेलें आहेच.

या देखाव्यांसाठीं पक्षी मारावे लागले, ही गोष्ट झांकण्याजोगी नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील मोहिमांतहि चॅपमन व त्याचे सहकारी यांनीं हजारों कातडीं जमविलीं, आणि त्यांच्याच आधारें कोलंबियाच्या पक्ष्यांवरील त्याचा १९१७ चा ग्रंथ सिद्ध झाला. शास्त्रासाठीं नमुने घेऊंच नयेत असें त्यानें कधीं म्हटलें नाहीं. एका नमुन्यापासून जास्तींत जास्त माहिती, जास्तींत जास्त लोकांस मिळावी, एवढा त्याचा आग्रह होता. आणि पंधरा पोपटांच्या अनुभवानंतर तो समजण्यासारखा आहे.

(७) ‘बर्ड-लोअर’

फेब्रुवारी १८९९ मध्यें चॅपमननें ‘बर्ड-लोअर’ हें द्वैमासिक सुरू केलें. वार्षिक वर्गणी एक डॉलर होती. ऑडुबॉन सोसायट्यांचें तें मुखपत्र बनलें. त्या विभागाचें संपादन मेबल ऑझगुड राइट या लेखिकेकडे होतें. पंडितांसाठीं ‘ऑक’ हें नियतकालिक आधींपासूनच होतें, व चॅपमन त्याच्याहि संपादनांत साह्य करीत असे. ‘बर्ड-लोअर’ शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी यांच्यासाठीं होतें. हातांतल्या दोन पक्ष्यांपेक्षां झुडुपांतला एक अधिक मोलाचा, असा जुनी म्हण उलटी करून घेतलेला त्याचा बाणा होता. जिवंत पक्ष्यांचीं छायाचित्रें प्रत्येक अंकांत येत.

संपादक या नात्यानें त्याची सर्वांत टिकाऊ कृति १९०० सालच्या डिसेंबरच्या अंकांत आहे. नाताळाच्या दिवशीं दोन तट पाडून अधिक शिकार कोण करतो याची चढाओढ लावण्याची चाल कांहीं भागांत होती. चॅपमननें सुचविलें कीं, त्या दिवशीं पक्षी मारण्याऐवजीं मोजावे, आणि स्थळ, वेळ, हवामान व संख्या लिहून पाठवावी. त्या २५ डिसेंबरला २५ ठिकाणीं २७ जणांनीं गणना केली. सुमारें ९० जाती व १८,५०० पक्षी नोंदले गेले. ही गणना आजहि दरवर्षीं होते, व तिचीं ठिकाणें दोन हजारांवर गेलीं आहेत. सव्वाशें वर्षांची सलग नोंद म्हणून पक्ष्यांच्या वाढीघटीचा इतिहास लिहिणारांस ती मुख्य साधन झाली आहे. चॅपमननें द्वैमासिक पस्तीस वर्षांवर चालवून ऑडुबॉन सोसायटीच्या स्वाधीन केलें. १९४१ सालीं त्याचें नांव ‘ऑडुबॉन मॅगझीन’ झालें. १५ नोव्हेंबर १९४५ रोजीं न्यूयॉर्क येथें चॅपमनचा अंत झाला.

(८) समारोप

अशा प्रकारचें काम आपल्याकडेहि झालें आहे. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ ची व तिचें नियतकालिक १८८६ पासूनचें. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आतांच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या, प्राणिविभागांत स्वाभाविक परिसरासह मांडलेले देखावे आहेत; सोसायटीचा स्टॅन्ली प्रेटर यानें त्या विभागासाठीं फार श्रम घेतले, आणि १९२६ सालीं सालिम अली तेथें प्रेक्षकांस माहिती सांगण्याच्या कामावर होते. पिसांच्या निर्गतीवर हिंदुस्थान सरकारनें १९०२ सालींच बंदी घातली होती.

चॅपमन संग्रहालयांत आयुष्य घालवूनहि केवळ संग्राहक राहिला नाहीं, हें त्याच्या चरित्राचें सार आहे. राजवाड्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं छापला व चॅपमनचें द्वैमासिक १८९९ सालीं निघालें. दोघांचा विषय भिन्न, पण अस्सल नष्ट होण्यापूर्वीं त्याची नोंद छापून सर्वांस द्यावी ही निकड एकच. ज्यांच्या घरीं आज रुमाल आहेत त्यांनीं कागद हलविण्यापूर्वीं तो कोणत्या रुमालांत, कोणत्या क्रमानें होता हें टिपावें, त्याचें छायाचित्र घ्यावें, आणि दोन्ही प्रसिद्ध करावीं. सेबॅस्टियन नदीवरच्या पोपटांविषयीं आतां तसें करणें कोणाच्याहि हातीं उरलेलें नाहीं. आपल्या दप्तरांविषयीं तें अजून आपल्या हातीं आहे.