हरवलेले गरोदरपणाचे कार्ड

गरोदर बाईचे पाय सुजले की 'दिवसांत होतेच' म्हणायची आपली रीत. आमच्या नगर जिल्ह्यात जामखेडला आरोळे डॉक्टर दाम्पत्याने १९७० नंतर खेड्यातल्या निरक्षर बायांनाही आरोग्यसेविका केले, गरोदर बाई तपासायला शिकवले. रक्तदाब चढला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर मूत्रपिंडाची चाळणी बिघडली असे समजावे.

बाळंतपणानंतर सूज उतरते, घर बारशाला लागते. नॉर्वेच्या डॉ. विक्से यांनी मात्र जुन्या जन्मनोंदी धुंडाळल्या. २००८ साली त्यांनी दाखवले, की पहिल्या खेपेला हा विकार झालेल्यांत पुढे मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका चौपटीहून अधिक असतो. अशा बायका थोड्याच, हेही खरे.

बँकेत आम्ही बंद खात्याचीही खतावणी जपत असू. गरोदरपणाचे कार्ड मात्र बारशानंतर कुठे जाते, कोण जाणे! सुनेचे असेल तर शोधा, डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब आणि लघवी दरवर्षी तपासून घ्या.