प्रश्नपत्रिकेची परीक्षा : सप्रमाणता आणि प्रश्नविश्लेषण

विद्यार्थ्यांची परीक्षा आपण वर्षातून अनेकदा घेतो. प्रश्नपत्रिकेची परीक्षा मात्र क्वचितच घेतो. वस्तुतः ज्या साधनाने मोजावयाचे, ते साधन नेमके काय मोजते हे आधी पाहिले पाहिजे. श्रोतृवर्गात शिक्षकांबरोबर पालक आणि माजी विद्यार्थीही असल्याने मी अवघड सूत्रे टाळून या विषयाचे मर्म तेवढे मांडणार आहे.

विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांची नेहमी गल्लत होते. तराजू दर वेळी तेच वजन दाखवीत असेल तर तो विश्वसनीय. पण वजनावरून आपण कापडाचा पोत सांगू लागलो, तर तो निष्कर्ष सप्रमाण नव्हे. सप्रमाणता हा कागदाच्या अंगचा गुण नाही. गुणांवरून आपण जो अर्थ काढतो त्याची ती कसोटी आहे. हा विचार क्रॉनबॅक आणि मील यांच्या १९५५ च्या निबंधानंतर हळूहळू रूढ झाला. आपल्या अध्यापक महाविद्यालयांत संविधान तक्ता भरला की सप्रमाणता साधली असे मानण्याची प्रथा आहे. तक्त्याने आशय सांभाळला जातो, यापलीकडे त्याच्याकडून फारशी अपेक्षा करू नये.

आता प्रश्नविश्लेषण. समजा, १०० मुलांच्या उत्तरपत्रिका एकूण गुणांनुसार उतरत्या क्रमाने लावल्या आणि वरच्या २७ व खालच्या २७ वेगळ्या काढल्या. (२७ टक्क्यांच्या प्रमाणाचे गणिती समर्थन ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये केले, चाळीसांच्या वर्गात वरचे दहा व खालचे दहा घेतले तरी काम भागते.) एखादा प्रश्न वरच्या गटातील २१ आणि खालच्या गटातील ६ मुलांनी बरोबर सोडविला, तर ५४ पैकी २७, म्हणजे काठिण्य निर्देशांक ०.५०. हा आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा. नाव ठेवणाऱ्याने ते उलटेच ठेवले आहे! दोन्ही गटांतील फरक १५; त्याला २७ ने भागले की भेदनक्षमता ०.५६ येते. प्रश्न उत्तम.

दुसऱ्या प्रश्नात वरच्या गटातील ९ आणि खालच्या गटातील १५ मुले बरोबर ठरली, तर भेदनक्षमता उणे ०.२२. येथे थांबून प्रश्नच वाचावा. '२ आणि ३ या दोन्हींनी विभाज्य संख्या कोणती?' पर्याय : १२, १५, १८, २०. उत्तरसूचीत १२. पहिला योग्य पर्याय दिसताच खूण करणाऱ्याला गुण मिळाला. सर्व पर्याय तपासणारा १८ पाशी अडखळला. ही तपासणी निकालापूर्वी केली तर अशा मुलांचा गुण वाचतो.

परंतु या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि तिची चर्चा फार थोडी होते. भेदनक्षमता आपण त्याच परीक्षेच्या एकूण गुणांशी ताडून पाहतो. सगळी प्रश्नपत्रिकाच चुकीची गोष्ट मोजत असेल, तर प्रत्येक प्रश्न चुकीच्या दिशेने 'उत्तम' ठरेल. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सुमारे १७ लाख सैनिकांना बुद्धिमापन कसोट्या देण्यात आल्या. आर्मी आल्फा या त्यातील कसोटीत 'क्रिस्को म्हणजे काय?' असे विचारले होते : औषध, जंतुनाशक, दंतमलम की खाद्यपदार्थ? क्रिस्को हे तेथील दुकानांत मिळणारे वनस्पती तूप. नुकत्याच बोटीतून उतरलेल्या स्थलांतरिताला ते कोठून ठाऊक असणार? अशा प्रश्नांवरील गुण 'बुद्धी' म्हणून नोंदले गेले.

आपल्या बेळगाव परिसरात हा प्रश्न घरचाच आहे. 'मुद्दल ५०० रुपये, द.सा.द.शे. ८ दराने २ वर्षांचे सरळव्याज किती?' कन्नड घरातून येऊन मराठी माध्यमात शिकणारी मुलगी तोंडी ८० रुपये सांगू शकते, पण 'द.सा.द.शे.' या अक्षरांपुढे तिची लेखणी थांबते. गणितात ती कच्ची, असा शेरा तिच्या प्रगतिपुस्तकात जातो आणि पुढच्या तुकडीची निवडही त्यावरच होते. व्ही. व्ही. कामत यांनी बिने कसोटीचे मराठी व कन्नड मुलांसाठी रूपांतर करून १९४० मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, तो मला याच कारणासाठी मोलाचा वाटतो. परक्या भाषेतील कसोटी केवळ अनुवादित करून भागत नाही. प्रत्येक प्रश्नाचे काठिण्य येथल्या मुलांवर नव्याने पाहावे लागते.

शाळेला हे करता येण्याजोगे आहे. इतर प्रश्नांत सारखेच गुण मिळविणारी, पण घरची भाषा निरनिराळी असलेली मुले निवडावीत आणि संशयित प्रश्नावरील त्यांची उत्तरे शेजारी ठेवावीत. एकाच गटाची मुले तेथे अडखळत असतील, तर 'दर साल दर शेकडा' असे पूर्ण लिहून तोच प्रश्न पुढच्या चाचणीत पुन्हा द्यावा आणि दोन्ही वेळचे आकडे मुख्याध्यापकांच्या नोंदवहीत लिहून ठेवावेत.