पुंगळीच्या बुडावरची अक्षरं

कोऱ्या पांढऱ्या कागदावर गावठी कट्टा आडवा ठेवतात आणि त्याच्या कडेनं बॉलपेन फिरवतात. चांभाराकडे चपलेचं माप देताना पायाभोवती पेन्सिल फिरते, तसंच. नळी, घोडा, चाप, मूठ यांची बाह्यरेषा उमटली की पट्टी लावून लांबी मोजायची आणि आकृतीवरच सेंटिमीटर लिहायचे. शेजारी काडतूस ठेवून त्याचंही चित्र काढायचं. दिल्लीत कुणाकडे बेकायदा हत्यार सापडलं की तपास अधिकाऱ्याच्या हातून आधी हे काम होतं. बहुतेक वेळा रात्री, रस्त्याच्या दिव्याखाली, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून.

जागाही साधारण ठरलेल्या. सराय काले खां, आनंद विहार, मुकरबा चौक, जीटी कर्नाल रोड. जिथे बाहेरगावच्या बस थांबतात किंवा शहरात शिरणारा रस्ता वळतो तिथे खबऱ्याच्या निरोपावर साध्या वेशातले चार-पाच जण उभे असतात. पाठीवरची बॅग, कमरेचा पट्टा, नाहीतर गाडीच्या दारात केलेला चोरकप्पा. माणूस पकडला की अधिकारी येणाऱ्या-जाणाऱ्यांना साक्षीदार व्हायची विनंती करतो. ते नाव न सांगता निघून जातात. दिल्लीच्या न्यायालयांतल्या निकालपत्रांमध्ये हे वाक्य इतक्या वेळा येतं, की न्यायाधीशांनी त्यावर वारंवार नापसंती लिहून ठेवली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेनं झडतीचं चित्रीकरण सक्तीचं केलं, त्यामागे ही जुनी दुखणीही आहेत.

आकृती झाली की हत्यार पांढऱ्या कापडात गुंडाळतात. दिल्ली पोलीस त्याला ‘पुलंदा’ म्हणतात. गाठीवर लाख ओतून अधिकाऱ्याच्या नावाच्या आद्याक्षरांचा शिक्का मारतात, आणि मग तो शिक्का अधिकारी स्वतःकडे ठेवत नाही, सोबतच्या दुसऱ्या पोलिसाकडे देतो. पुलंदा मधल्या काळात उघडून पुन्हा बंद केला, असा संशय कुणाला घेता येऊ नये म्हणून. एक शिपाई ‘रुक्का’, म्हणजे घटनेचा लेखी तपशील, घेऊन ठाण्यात जातो, गुन्हा नोंदवला जातो आणि पुलंदा मालखान्यात पोचतो. महाराष्ट्रात आपण मुद्देमाल म्हणतो, तिथे ‘केस प्रॉपर्टी’. मालखान्याचा मोहर्रिर, म्हणजे कारकून, एकोणीस नंबरच्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद करतो. पुढे पुलंदा जिथे जिथे जाईल तिथला कागद त्याच्याबरोबर जातो. साखळीतली एक कडी निसटली, शिक्क्यावरचं एक अक्षर जुळलं नाही, तर काही वर्षांनी न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळू शकतो. बंदुकीसारख्या वस्तूचा खटला लाखेच्या एवढ्याशा थेंबावर तोललेला असतो.

रोहिणीच्या सेक्टर १४ मध्ये दिल्लीची न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. तिथल्या बॅलिस्टिक विभागात पुलंदा उघडण्याआधी शिक्के नमुन्याशी ताडून पाहतात. मग वस्तूंना नवी नावं मिळतात. हत्यार झालं एफ-१, जिवंत काडतूस ए-१, आणि गोळीबार झाला असेल तर घटनास्थळी सापडलेली काडतुसाची रिकामी पुंगळी ईसी-१. प्रश्न दोन असतात. हे हत्यार चालतं का? आणि ही पुंगळी याच हत्यारातून उडाली का?

पहिल्याचं उत्तर झाडून पाहिल्याशिवाय मिळत नाही. गावठी हत्यार नळी फुटून झाडणाऱ्याचाच हात नेऊ शकतं, त्यामुळे ते हाताळताना तज्ज्ञ अंतर राखतात. चाचणीत उडालेल्या पुंगळीला टीसी-१ म्हणतात, आणि तिथून तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाचं काम सुरू होतं. दोन भिंगांखाली दोन पुंगळ्या आणि मधोमध उभी रेघ असलेलं एकच दृश्य. डावीकडे घटनास्थळची, उजवीकडे चाचणीची. फायरिंग पिनचा खळगा, त्याच्या काठावरचा बारीक ओरखडा, पुंगळीचं बूड मागच्या पोलादावर आदळल्याच्या खुणा. एक पुंगळी केसभर फिरवायची, प्रकाश तिरका करायचा, पुन्हा फिरवायची. रेघेच्या दोन्ही बाजूंचे ओरखडे सलग दिसू लागले तर उत्तर मिळालं.

कारखान्यात बनलेल्या बंदुकीत गोळीही बोलते. नळीच्या आत पीळ घेतलेल्या खाचा असतात, त्यांचे ठसे गोळीवर उमटतात. कट्ट्याची नळी मात्र अनेकदा साध्या पाइपची किंवा गाडीच्या स्टिअरिंगच्या दांड्याची, आतून गुळगुळीत, आणि गोळीच्या मापाला पुरती न बसणारी. गोळी तिच्यातून डगमगत बाहेर पडते आणि प्रत्येक वेळी वेगळी खरवडते. म्हणून तज्ज्ञाची भिस्त पुंगळीवर.

कट्ट्यावर नंबर नसतो. बिहारमधल्या मुंगेरच्या बनावटीच्या सफाईदार पिस्तुलांवर पुष्कळदा ‘मेड इन यूएसए’ कोरलेलं असतं, पण ते खोटं. बनवणाऱ्याचं नाव नाही, साल नाही, गाव नाही. काडतुसाचं तसं नाही. दिल्लीतल्या पंचनाम्यांमध्ये .३१५ बोअरच्या काडतुसाचं वर्णन करताना बुडावर ‘८ एमएम केएफ’ अशी अक्षरं असल्याचं अधिकारी लिहितो. केएफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपल्या पुण्यातल्या खडकीचा दारूगोळा कारखाना. १८६९ साली सुरू झालेला, आज म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचा भाग. बिनबापाच्या हत्यारात अस्सल सरकारी काडतूस.

हे असं का होतं, याचं कारण साधं आहे. .३१५ ची रायफल परवान्यावर मिळते, उत्तर प्रदेशात ती भरपूर आहे आणि तिची काडतुसं परवानाधारक दुकानांतून विकली जातात. कट्टा घडवणारा बाजारात जे काडतूस मिळतं त्याच्या मापाची नळी करतो. परवानाधारकानं किती काडतुसं बाळगायची हे परवान्यावर लिहिलेलं असतं, दुकानदाराला रजिस्टर ठेवावं लागतं. तरी खडकीतून निघालेलं काडतूस दुकान, परवाना आणि चोरबाजार अशा वाटेनं कट्ट्यात येतं. बुडावरची अक्षरं कारखाना आणि माप सांगतात. ते कुणाच्या हातून निसटलं, हे सांगत नाहीत.

मग हत्यार आलं कुठून? अटक झालेल्याच्या जबाबातून दिल्ली पोलिसांना तीच गावं पुन्हा पुन्हा ऐकू येतात. बिहारातलं मुंगेर, जिथे अठराव्या शतकात बंगालच्या नवाब मीर कासिमनं राजधानी नेऊन शस्त्रशाळा उभारली आणि तो हुन्नर पुढच्या पिढ्यांत राहिला. जवळचं मेरठ आणि अलीगढ. आणि मध्य प्रदेशातला सातपुड्याचा पट्टा. खरगोनचं सिगनूर, बुऱ्हाणपूरचं पाचोरी, बडवानीचं उमर्टी. या गावांतले कारागीर शिकलगार. मराठी वाचकाला हा शब्द आडनावातून माहीत आहे. हत्याराला धार आणि झिलई देणारा तो शिकलगार. शीख परंपरेत त्यांचं नातं गुरू गोविंदसिंगांच्या शस्त्रांशी सांगितलं जातं. तलवारी गेल्या, लोखंडाची जाण राहिली, आणि तिला कायद्यात बसणारं पुरेसं गिऱ्हाईक उरलं नाही. पश्चिम आफ्रिकेत घानाचे लोहार आणि नायजेरियातल्या अवका शहरातले कारागीर यांची कथा जवळपास हीच आहे, आणि तिथेही नुसत्या धाडींनी भागलेलं नाही. भट्टी पुन्हा पेटवायला भाता, कानस आणि दोन दिवस पुरतात.

उमर्टी महाराष्ट्राच्या अगदी उंबऱ्यावर आहे. नदीच्या अलीकडे जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातलं उमर्टी, पलीकडे बडवानी जिल्ह्यातलं. इकडचे लोक त्याला ‘पार उमर्टी’ म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये हत्यारविक्रेत्याला पकडायला गेलेल्या जळगावच्या पथकावर जमाव चालून आला आणि एका पोलिसाला त्यांनी पलीकडे ओढून नेलं. मध्य प्रदेश पोलिसांच्या मदतीनं काही तासांत त्याची सुटका झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुण्याचे पोलीस मोठ्या ताफ्यासह उमर्टीत शिरले, भट्ट्या मोडल्या आणि अनेकांना ताब्यात घेतलं. पुण्यात सापडणारी पिस्तुलं तिथून येत होती. दिल्लीत सापडणारीही या पट्ट्यातून येतात. इंदूरहून निघालेली बस किंवा रेल्वे दोन्हीकडे जाते.

इथे खरी अडचण समोर येते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रं आणि दारूगोळा हा विषय केंद्राचा आहे, पोलीस हा राज्यांचा. कायदा एक, तो अमलात आणणारे हात वेगवेगळे. दिल्ली परिसरात हे फार जवळून दिसतं. एखादी टोळी सोमवारी गुरुग्राममध्ये गोळीबार करते, बुधवारी नोएडात आणि शनिवारी द्वारकेत. मेट्रोनं तासा-दीड तासाचं अंतर. पण पुंगळ्या तीन दिशांना जातात. हरियाणाच्या मधुबन किंवा भोंडसीला, उत्तर प्रदेशच्या प्रयोगशाळेत आणि रोहिणीला. त्या तिन्ही एकाच पिस्तुलाच्या आहेत हे कळायला त्यांची तुलना व्हावी लागते, आणि ती व्हायला एका तपास अधिकाऱ्याला दुसऱ्या राज्यातल्या गुन्ह्याची माहिती असावी लागते. आजही ही माहिती बऱ्याच अंशी ओळखीवर चालते. पूर्वी एकत्र प्रशिक्षण घेतलेला अधिकारी पलीकडे असला तर एका फोनवर काम होतं.

आफ्रिकेतल्या देशांनी हीच गोष्ट ओळखीवर सोडायची नाही असं ठरवलं. तिथल्या सीमा वेगवेगळ्या सार्वभौम देशांच्या, भाषा आणि कायदे निराळे, तिजोऱ्या रिकाम्या. तरी मार्च २००० मध्ये पूर्व आफ्रिकेतले आणि आसपासचे दहा देश नैरोबीत जमले, २००४ मध्ये त्यांनी नैरोबी करारावर सह्या केल्या आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी तिथेच एक कायमचं केंद्र उभं केलं. सरकारी मालकीच्या बंदुकीवरही देशाची खूण कोरायची, नोंद ठेवायची, जप्त हत्यार नष्ट करायचं. खुणा कोरणारी यंत्रं सदस्य देशांना पुरवली गेली. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांनी २००६ मध्ये केलेल्या करारात दारूगोळाही घेतला. चोरीला गेलेली पोलिसांची बंदूक शेजारच्या देशात सापडली तर ती कुणाच्या कोठारातून गेली हे तिच्या अंगावर वाचता यावं, एवढी साधी आणि अवघड अपेक्षा.

हा धडा त्यांनी किंमत मोजून घेतला आहे. युगांडाच्या करामोजा भागात २००१ नंतर सरकारनं पशुपालकांकडच्या बंदुका गोळा केल्या. सीमेपलीकडच्या केनियातल्या तुर्काना आणि पोकोट टोळ्यांकडच्या तशाच राहिल्या. निःशस्त्र झालेल्यांची गुरं पळवली गेली आणि त्यांनी पुन्हा बंदुका मिळवल्या. नदीच्या एका काठावर भट्टी विझवून दुसऱ्या काठाकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं, हे चोपड्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. उलट उदाहरणही तिथलंच. मोझांबिकच्या यादवी युद्धात पुरलेल्या बंदुका दक्षिण आफ्रिकेच्या शहरांत दरोड्यांत वापरल्या जात होत्या. १९९५ पासून दोन्ही देशांचे पोलीस ‘ऑपरेशन रॅचेल’ या नावाखाली एकत्र जाऊन, मोझांबिकच्याच भूमीवर ते साठे शोधून जागच्या जागी नष्ट करू लागले. दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांना आपल्या शहरातला गुन्हा रोखायला शेजाऱ्याच्या रानात जावं लागलं आणि शेजाऱ्यानं त्यांना येऊ दिलं.

आपल्याकडे काहीच होत नाही असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. १९५९ च्या शस्त्र कायद्यात डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आली, आणि खूण नसलेल्या बंदुकीची देशांतर्गत ने-आणही ‘अवैध तस्करी’च्या व्याख्येत आली. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयानं संदीपकुमार खटल्यात परराज्यात जाऊन अटक करणाऱ्या पोलिसांसाठी नियम घालून दिले. वरिष्ठांची लेखी परवानगी, तिथल्या ठाण्याला आगाऊ माहिती, आणि तक्रारीचा त्या राज्याच्या भाषेतला अनुवाद सोबत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशातल्या एका जामीनअर्जावरून विनापरवाना हत्यारांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला, आणि पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रत्येक राज्याला मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायला सांगितलं. त्या समितीत बॅलिस्टिक तज्ज्ञालाही जागा दिली, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. सूक्ष्मदर्शकात डोकावणारा माणूस आजवर शेवटी विचारला जात होता.

पण या समित्या राज्यनिहाय आहेत, आणि कट्टा राज्यनिहाय फिरत नाही. पुंगळ्यांच्या छायाचित्रांचं, जप्त हत्यारांच्या घडणीच्या तपशिलांचं एक सामाईक दप्तर हवं. घोड्याची घडण, मुठीवरची नक्षी आणि कानशीचे फटकारे यांवरूनही हत्यार कुठल्या भागातलं, याचा अंदाज अनुभवी डोळ्याला येतो. आज ते ज्ञान त्या डोळ्यांबरोबर निवृत्त होतं.

रोहिणीतला अहवाल तयार होतो. एफ-१ चालू स्थितीत आहे, ईसी-१ आणि टीसी-१ वरच्या खुणा जुळतात. पुलंदा नव्या शिक्क्यानिशी मालखान्यात परत जातो, पोलीस उपायुक्त शस्त्र कायद्याच्या कलम ३९ खाली खटल्याची मंजुरी देतात. न्यायालयात साक्षीच्या दिवशी कापड पुन्हा सुटतं. आरोपी, वकील, न्यायाधीश सगळे कट्ट्याकडे पाहतात. पुंगळी छोट्या डबीत असते. तिच्या बुडावर फायरिंग पिनचा खळगा पडलेला, आणि त्याच्या कडेला खडकीची दोन अक्षरं अजून वाचता येण्याजोगी.