मोडी कागदांची मुद्रिते आणि यंत्राच्या रेषा

मोडी लेखनाचा एक विशेष सर्वपरिचित आहे. लेखक प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढतो आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातो. अशा कागदाचे छायाचित्र इंकजेट प्रिंटरवर कृष्णधवल छापून त्यावरून वाचन करणाऱ्या अभ्यासकास यामुळेच एक धोका संभवतो. या यंत्राच्या एका दोषाने चित्रावर अतिसूक्ष्म, परस्परसमांतर आडव्या रेषा उमटतात. फिकट पडलेली शिरोरेषा कोणती व यंत्राची रेषा कोणती, याचा निर्णय मग नुसत्या नजरेने होत नाही. उलटपक्षी, पांढरी रेषा शिरोरेषेवरच पडली तर मूळ रेषा खंडित असल्याचा भ्रम होतो.

रंगीत चित्रात हा दोष पुष्कळदा लपतो, कारण एका शाईची उणीव इतर शाया झाकतात. कृष्णधवल चित्राचा भार मात्र मुख्यत्वे काळ्या व करड्या शायांवर असतो. एप्सन कंपनीने २००५ साली काळ्या शाईच्या तीन घनता असलेला ‘के३’ संच आणला; त्यातही सर्वांत फिकट करड्या शाईचे एखादे छिद्र बुजले तर चाचणी-नमुन्यात ते चटकन दिसत नाही. तो नमुना भरपूर उजेडात, भिंगाखाली तपासावा.

दोष यंत्राचा की मूळ प्रतिमेचा, हे ठरविण्याची कसोटी सोपी आहे. प्रतिमा ९० अंशांनी फिरवावी आणि कागद पूर्वीसारखाच घालून पुन्हा छापावे. रेषा लेखनाबरोबर फिरल्या तर त्या प्रतिमेतच आहेत. कागदाच्या रुंदीला समांतर राहून त्यांनी अक्षरे उभी छेदली तर त्या यंत्राच्या होत. (पडद्यावर मूळ प्रतिमा पाहणे हा उपाय आहेच, पण टिपणे बहुधा मुद्रितावरच होतात.)

यंत्राच्या रेषांचेही प्रकार आहेत. बुजलेल्या छिद्राने बारीक पांढरी रेषा उमटते. कागद प्रत्येक फेरीस प्रमाणापेक्षा अधिक सरकला तर समान अंतरावर फिकट फटी राहतात. कमी सरकला तर फेऱ्या एकमेकींवर चढून गडद रेषा दिसतात. शीर्ष जाता-येता दोन्ही वेळा छापत असेल आणि त्याची जुळणी बिघडली असेल, तर रेषांच्या कडा दुहेरी भासतात. दोष केवळ कागदाच्या शेवटच्या भागात असेल, तर कागद मागच्या रुळांच्या पकडीतून सुटताना हलला असे समजावे.

छिद्रे साफ करण्याची आज्ञा दोन-तीनदाच द्यावी आणि तेवढ्याने न भागल्यास यंत्रास काही तास विश्रांती द्यावी. वारंवार सफाईने शाई वाया जाते, इतकेच नव्हे तर टाकाऊ शाई शोषणारी गादीही लवकर भरते. त्यानंतर शीर्षाची जुळणी, कागदाच्या प्रकाराची योग्य निवड व सरकण्याच्या मापाची दुरुस्ती करावी, आणि एकाच दिशेने, अधिक फेऱ्यांत छापावे. वेळ अधिक लागतो; परंतु शिरोरेषेच्या खंडावरून लेखणी कोठे उचलली गेली याचे अनुमान बांधावयाचे असेल, तर याहून घाईचे मुद्रित निरुपयोगी होय.