केरीची 170 किलोमीटरची सायकल फेरी आणि तिची आधीची तयारी



आयर्लंडमधल्या आपल्या ज्येष्ठ सभासदांना उन्हाळा जवळ आला की घरातूनच विचारणा होते. नातू किंवा सून म्हणते, "आजोबा, आम्ही सगळे मिळून मदतनिधीसाठी सायकल चालवणार आहोत, काही द्याल का?" आजोबा यथाशक्ती देतात, पण काळजी मनात राहते. एवढ्या लांब जायचे, वाटेत काही झाले तर? काळजी रास्त आहे. म्हणून अशा फेरीची तयारी कशी करतात ते येथे सांगत आहोत.

उदाहरण केरी परगण्याचे घेऊ. तिथे 1984 पासून जुलैच्या पहिल्या शनिवारी रिंग ऑफ केरी ही मदतनिधीची सायकल फेरी निघते. किलार्नी गावातून निघायचे, किलॉर्गलिन, काहरसिव्हीन, वॉटरव्हिल, स्नीम, केनमेअर असा समुद्राकाठचा वळसा घ्यायचा आणि परत किलार्नीला यायचे. अंतर सुमारे 170 किलोमीटर. त्या दिवशी आयोजकांची खाण्याची व प्रथमोपचाराची सोय असते. पण सरावासाठी दुसऱ्या एखाद्या दिवशी गट निघाला, तर सगळे आपले आपणच पाहावे लागते.

पंढरीची वारी केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. दिंडी पोहोचण्याआधी तिचा ट्रक मुक्कामी गेलेला असतो, चूल मांडलेली असते. नाशिकहून पंढरपूरला सायकलवर वारी जाते, तिलाही मुक्काम आधी ठरवावे लागतात. सायकलची वाटही तशीच कोणीतरी अगोदर जाऊन पाहून यायची असते.

पाहणी एकदा मोटारीने आणि एकदा सायकलने करावी. मोटारीतून चढ कळत नाही आणि वारा तर मुळीच कळत नाही. केरीत खरी परीक्षा वाऱ्याची. तो बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे वॉटरव्हिलपर्यंतचा पहिला 78 किलोमीटरचा टप्पा पुष्कळदा वाऱ्याला तोंड देतच काढावा लागतो. पाऊसही भरपूर: काहरसिव्हीनच्या वेधशाळेत वर्षाला सुमारे 1500 मिलिमीटर, डब्लिनच्या साधारण दुप्पट. वॉटरव्हिल सोडले की कूमाकिस्ता खिंडीचा चढ लागतो, आणि केनमेअरनंतर मॉल्स गॅपचा. मॉल्स गॅपची उंची सुमारे 260 मीटर. खंडाळ्याचा घाट पाहिलेला माणूस या आकड्याला हसेल. पण हा चढ येतो जवळपास 150 किलोमीटर पाय मारून झाल्यावर, आणि पुढचा उतार अरुंद नि वळणांचा आहे. थकलेल्या माणसाचा हात ब्रेकवर उशिरा जातो, म्हणून माझ्या मते उताराची पाहणी चढाहून अधिक बारकाईने करावी.

पाहणी करणाऱ्याने वहीत काय टिपावे? पाणी, स्वच्छतागृह आणि सकाळी लवकर उघडणारे दुकान कुठे आहे. रस्ता कुठे उखडला आहे. मोबाइलला रेंज कुठे मिळत नाही. शिवाय दर काही किलोमीटरवरच्या एखाद्या घराचा वा दुकानाचा एअरकोड. हा पत्त्याचा संकेतांक 2015 पासून प्रत्येक पत्त्याला दिलेला आहे, पण उघड्या रस्त्याला तो नसतो. 112 किंवा 999 ला फोन केल्यावर "डोंगराजवळ आहोत" असे सांगून रुग्णवाहिका वेळेवर येत नाही.

आणखी एक गोष्ट. या वळशावर पूर्वी काहरसिव्हीनच्या बाजूला रेल्वे होती, ती 1960 साली बंद झाली. आता कोणी मध्येच थांबला तर गाडीत बसून परतावे, अशी आगगाडी नाही. म्हणून गटामागे एक मोटार हवीच, सायकली टांगण्याच्या सोयीची.

वेळेचा हिशेब सर्वांत हळू चालवणाऱ्याला धरून करावा. तो ताशी 15 किलोमीटर जात असेल तर नुसते चालवायलाच अकरा तासांहून अधिक लागतात. थांबे धरले तर पहाटे सहाला निघून रात्रीचे आठ वाजणार. जुलैच्या आरंभी तिथे सूर्य दहाच्या सुमारास मावळतो ही सोय आहे, तरी एक नियम आधी ठरवावा: सायंकाळी सहापर्यंत केनमेअर न गाठणाऱ्याने सायकल मोटारीला टांगायची. तिथे चर्चा नको.

गटात पुढे एक जाणता आणि सर्वांच्या शेवटी एक जाणता असावा, शेवटच्याने कोणालाही मागे टाकू नये. आयर्लंडमध्ये दोघांनी शेजारी-शेजारी चालवायला परवानगी आहे, तिघांनी नाही. प्रत्येकाकडे जादा ट्यूब आणि पंप हवा. सराव किमान दहा-बारा आठवड्यांचा. साठीपुढच्यांनी आणि मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच नाव द्यावे.

भाविकांसाठी एक मुद्दाम सांगणे. ही फेरी कधीकधी आषाढीला लागून येते. 2025 साली जुलैचा पहिला शनिवार 5 तारखेला होता आणि एकादशी 6 तारखेला. उपवास धरून सायकल चालवू नये. दर तासाला केळे, खजूर, गूळपोळी असे काही पोटात गेलेच पाहिजे.

आता देणगीविषयी. "जितके किलोमीटर, तितके युरो" अशी बोली कृपया करू नका, एकरकमी द्या. छातीत दुखू लागलेला माणूस "आजोबांचे पैसे कमी होतील" म्हणून पुढे रेटतो, ते नको. निधी कोणत्या संस्थेला जाणार ते विचारावे आणि तिचा नोंदणी क्रमांक चॅरिटीज रेग्युलेटरच्या यादीत घरातल्या कोणाकडून तरी पाहून घ्यावा. ती यादी सर्वांना खुली आहे.

ज्यांना सायकल झेपत नाही त्यांनाही सेवा आहे. सर्वांची नावे, औषधे, घरचे फोन नंबर आणि थांब्यांच्या वेळा लिहिलेला एक कागद घरी बसलेल्या एका ज्येष्ठाकडे असावा. गटाने प्रत्येक थांब्यावरून त्यांना फोन करावा. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात फोन आला नाही, तर त्यांनी आधी मागच्या मोटारीला फोन लावावा.