गाजर गवत : दुखणे नाकाचे, मूळ बांधावर



पाऊस लागला की उसाला जोम येतो, तसाच बांधावरच्या गाजर गवतालाही येतो. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणते, कोणी चटकचांदणी. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले हे तण आज पाटाच्या कडेपासून गावठाणापर्यंत सगळीकडे आहे.

गटात फिरताना आम्हांस पुष्कळ सभासद सांगतात, "साहेब, सर्दी काही हटत नाही." ताप नाही, पण शिंकांवर शिंका येतात, नाक पाण्यासारखे गळते, डोळे खाजतात. शेतात गेले की त्रास वाढतो. अशी सर्दी बहुधा परागकणांच्या वावड्याची असते. गाजर गवताचे पराग हे त्याचे एक मोठे कारण.

हे तण उगवल्यापासून साधारण महिन्याभरात फुलू लागते. म्हणून तयारी फुलाआधीच हवी. पाऊस पडून जमीन मऊ झाली की मुळासकट उपटावे व खड्ड्यात पुरावे. एका झाडाला हजारो बी धरते, तेव्हा फूल आल्यावर उपटून बांधावर टाकणे म्हणजे पुढच्या वर्षाची पेरणीच! उपटताना हातमोजे, अंगभर कपडे व नाकाला फडके असावे. खुरपणीच्या बायांनाही हे द्यावे, कारण अंगाला खाज सुटते ती त्यांच्याही. ज्यास आधीच त्रास आहे त्याने हे काम करूच नये.

आता घरगुती उपाय. शेतातून आल्यावर कपडे बदलावेत, आंघोळ करावी. नाक मिठाच्या पाण्याने धुवावे. एक लिटर पाणी ५ मिनिटे खळखळ उकळून कोमट होऊ द्यावे व त्यात सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा मीठ घालावे. पाटाचे किंवा विहिरीचे कच्चे पाणी नाकात मुळीच घालू नये. डोळे चोळण्याऐवजी त्यांवर गार पाण्याची घडी ठेवावी. वाफेने चोंदलेले नाक मोकळे वाटते, पण भांड्याजवळ पोरे नकोत. आले-तुळशीच्या काढ्याने घसा शेकतो. वावडे मात्र जात नाही, हे ध्यानात ठेवावे.

दम लागला, छातीत घरघर झाली, तर काढा उकळत बसू नये. तडक दवाखाना गाठावा. दम्याच्या रोग्याने डॉक्टरांनी दिलेले औषध मनाने बंद करू नये.

शेवटी एकच सांगणे. वारा बांध ओळखत नाही. एकाने उपटले आणि शेजाऱ्याने फुलू दिले, तर शिंका दोघांच्याही घरी. तेव्हा वाडी-वस्तीने मिळून एक दिवस ठरवावा व शिवार फुलाआधी साफ करावे. त्याने ऊसही सुधारेल आणि माणूसही.

— ऊस विकास अधिकारी