पुण्याचें सेवासदन व स्त्रियांचें हक्काचें ठिकाण

शहर म्हटलें कीं तेथें माणसाला बसावयास जागा पुष्कळ, असें आपणांस वाटतें. पुरुषांच्या बाबतींत तें खरेंही आहे. पार, तालीम, चहाचें हॉटेल, वाचनालय, स्टेशनावरचें बांकडें; काम असो वा नसो, पुरुष तेथें तासभर बसला तर त्यास कोणी कारण विचारीत नाहीं. स्त्रीची गोष्ट निराळी. तिनें घराबाहेर पाऊल टाकलें कीं कोठें चालली हें सांगावें लागतें, आणि परततांना उशीर झाला तर तो कां झाला हेंही सांगावें लागतें. देऊळ, बाजार, माहेर आणि दवाखाना, एवढींच कारणें आपल्याकडे फार काळ मान्य होतीं. मग जिच्यावर घरांतच संकट ओढवलें असेल तिनें जावें कोठें? या प्रश्नाचें उत्तर आपल्याच जिल्ह्यांत दीडशें वर्षांपूर्वीं शोधूं जाणारी माणसें निघालीं. त्यांची हकीकत लोणावळ्यासारख्या गांवीं राहणाऱ्या मुलांनीं व त्यांच्या पालकांनीं वाचण्याजोगी आहे.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत आपल्या राहत्या घरीं संकटांत सांपडलेल्या विधवांसाठीं प्रसूतिगृह उघडलें, व तशाच एका विधवेच्या मुलास दत्तक घेतलें. तोच पुढें डॉक्टर झालेला यशवंत. त्यानंतर पंडिता रमाबाई आल्या. त्यांनीं १८८२ सालीं पुण्यांत आर्य महिला समाज स्थापिला, आणि इंग्लंड व अमेरिका पाहून परत आल्यावर १८८९ च्या मार्च महिन्यांत मुंबईस शारदा सदन उघडलें. दुसऱ्याच वर्षीं तें पुण्यास आलें. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढें धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. शारदा सदनांतील मुलींवर ख्रिस्ती धर्माची छाप पडते, असा बोभाटा १८९३ सालीं झाला, पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून घेतल्या व न्यायमूर्ति रानड्यांसारखे स्नेही सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. मिशनच्या शाळेच्या अंकांत ही गोष्ट झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. मतभेद खरा होता व दोन्ही बाजूंचीं माणसें प्रामाणिक होतीं. बाईंनीं पुढें केडगांव येथें मुक्ति सदन उभें केलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार मुली तेथें आणल्या, त्यांस शेती, विणकाम व छापखान्याचें काम शिकविलें. बाईंनीं मूळ भाषांवरून केलेला बायबलाचा मराठी तर्जुमा याच मुलींच्या हातून छापला गेला. इकडे कर्व्यांनीं १८९६ सालीं काढलेला विधवांचा आश्रम १९०० सालीं पुण्याबाहेर हिंगण्यास नेला, आणि पुण्यांतील अध्यापन सांभाळून ते पायीं तेथवर जात येत असत.

या सर्व संस्था थोर होत, पण त्यांचें स्वरूप आश्रमाचें होतें. स्त्रीनें घर सोडावें, किंवा घरानें तिला सोडावें, तेव्हां तिनें तेथें यावें. जिला घर सोडावयाचें नाहीं, मुलेंबाळें आहेत, सासूसासरे आहेत, तरी ज्ञान, धीर किंवा चार पैसे पाहिजेत, तिची सोय करण्याचा मान बहुतांशीं रमाबाई रानडे यांस दिला पाहिजे.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा. वयाच्या अकराव्या वर्षीं त्या माधवराव रानड्यांच्या घरीं आल्या. पतीनें शिकवावें आणि घरांतील वडील बायकांनीं त्याबद्दल रोज टोचून बोलावें, या दोहोंच्या मध्यें त्या वाचूं शिकल्या. ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें त्यांचें १९१० सालचें पुस्तक वाचणारास कळेल कीं, स्वयंपाकघरांतील बोलणीं त्यांनीं मुकाट्यानें सोसलीं, पण पाटी खालीं ठेविली नाहीं. १९०१ च्या जानेवारींत माधवराव वारले. रमाबाई पुण्यास येऊन राहिल्या, बराच काळ त्यांनीं घराबाहेर पडणेंही टाकलें, व नंतर हळूहळू तुरुंगांतील स्त्रियांस भेटण्यासारखीं कामें हातीं घेतलीं. बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनीं १९०८ सालीं मुंबईस सेवासदन काढलें, तेव्हां त्याचें अध्यक्षपद रमाबाईंकडे आलें. आणि २ ऑक्टोबर १९०९ रोजीं त्यांच्या पुण्यांतील वाड्यांत पुणें सेवासदन सुरू झालें. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनीं चिटणीस म्हणून त्याची घडी बसविली.

तेथें काय शिकवीत? लिहिणें-वाचणें, शिवण, पहिले उपचार, पुढें शिक्षिकांचें व परिचारिकांचें शिक्षण. ही यादी आज साधी वाटेल. परंतु तिच्यांत एक मोठें शहाणपण होतें, असें प्रस्तुत लेखकास वाटतें. ‘मी दुःखांत आहें, मदत मागावयास जातें,’ असें कोणती सून घरीं सांगूं शकेल? पण ‘शिवण शिकावयास जातें,’ असें ती सांगूं शकते. सासूही फारशी हरकत घेत नाहीं. झबलीं-टोपडीं घरचींच शिवून मिळतात! घरकाम आटोपून दुपारीं येतां यावें अशी वर्गांची व्यवस्था असली म्हणजे अडचण आणखी कमी होते. एकदां ती स्त्री चार जणींत बसली, तिच्या सुईबरोबर जीभही चालूं लागली, कीं कोणाचा नवरा मारतो, कोणाचे दागिने गहाण पडले, कोणास दिवस गेले असून पोटभर अन्न नाहीं, हें आपोआप कळूं लागतें. मदत मागावी लागत नाहीं, ती शेजारीच बसलेली असते.

परिचारिकांचें काम मात्र इतकें सोपें नव्हतें. परक्या माणसाच्या अंगास हात लावावयाचा, मलमूत्र काढावयाचें, कोणत्याही जातीचा रोगी आला तरी त्याची शुश्रूषा करावयाची. वरच्या समजल्या जाणाऱ्या घरांतील बायकांस हें भ्रष्टाकार वाटे. रमाबाईंनीं एकेका घरच्या मंडळींची समजूत घालून मुली ससून रुग्णालयांत शिकावयास धाडिल्या. विधवांस तर दुहेरी जाच. सेवासदनाच्या एका समारंभांत एक विधवा विद्यार्थिनी बक्षीस घेण्यास उठली, तेव्हां प्रेक्षकांतील तरुणांनीं हुर्यो केली. रमाबाई संतापल्या. तुम्ही कॉलेजांत शिकणारे म्हणवितां, तुमच्यापैकीं कोणाच्या घरीं विधवा बहीण किंवा आई नाहीं, या अर्थाचें त्यांनीं भर सभेंत खडसावून विचारलें, आणि सभा गप्प झाली. आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनीं हा प्रसंग लक्षांत ठेवावा. रमाबाई १९२४ सालीं वारल्या. संस्था मात्र चालू राहिली.

पुढील काळांत अशा ठिकाणांस नवीं रूपें आलीं. १९५९ च्या मार्च महिन्यांत गिरगांवांतील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी ऐंशीं रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटूं लागल्या. त्यांतून लिज्जत उभें राहिलें. पण पैसा हातीं आला म्हणजे मारहाण थांबतेच असें नाहीं. पुण्यांत १९८२ सालीं मंजुश्री सारडा या विवाहितेचा मृत्यु झाला व शहर हादरलें. त्या सुमारास विद्या बाळ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नारी समता मंचाचें काम उभें केलें. मंचाच्या सल्ला केंद्राचें नांव ‘बोलते व्हा’. दोन शब्दांत सर्व कांहीं आलें. १९८४ सालीं टाटा समाजविज्ञान संस्थेनें मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या कचेरींतच स्त्रियांसाठीं विशेष कक्ष उघडला. तेथें समाजकार्य शिकलेली बाई तक्रार ऐकून घेते.

आज कायदाही पाठीशीं आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याअन्वयें संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. ते स्त्रीची हकीकत लिहून घेऊन न्यायालयापुढें ठेवितात. न्यायालय मारहाणीस मनाई करूं शकतें, आणि घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नांवावर असलें तरी तिला बेकायदा बाहेर काढूं नये असा हुकूम देऊं शकतें. ही दुसरी गोष्ट पुष्कळ स्त्रियांस ठाऊक नसते, आणि घर जाईल या भीतीनेंच त्या गप्प बसतात. वकील देण्यास पैसे नाहींत ही अडचणही राहिलेली नाहीं: १९८७ च्या विधिसेवा कायद्याप्रमाणें स्त्रीचें उत्पन्न कितीही असलें तरी तिला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. संकटकाळीं १८१ हा क्रमांक स्त्रियांसाठीं आहे, व मुलांसाठीं १०९८. ‘सखी’ नांवाचीं केंद्रें २०१५ पासून निघालीं. तेथें तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत व कायद्याचा सल्ला एका छपराखालीं मिळावा अशी योजना आहे.

तथापि कायदा कागदावर असतो आणि बाई आपल्या घरांत असते. मधलें अंतर कोणीतरी चालून जावें लागतें. आमच्या लोणावळ्याचेंच पाहूं. पुण्याची लोकल १९७८ पासून धांवते, तिनें नोकरीस जाणाऱ्या बायका सकाळीं निघतात. त्यांचा एकमेकींशीं परिचय डब्यांतच होतो, व अडीअडचणीचें बोलणेंही तेथेंच होतें. भरल्या गाडींतील तो डबाच त्यांचें सेवासदन! परंतु बंगल्यांत झाडलोट करणारी, हॉटेलांत भांडीं घासणारी, चिक्कीच्या कारखान्यांत पुड्या भरणारी बाई लोकलनें जात नाहीं. बचत गटाची महिन्याची बैठक हेंच तिला मिळालें तर मिळालेलें ठिकाण. वडगांव येथें तालुक्याचें न्यायालय आहे, पण तेथवर एकटीनें जावयाचें म्हणजे मजुरी बुडवावयाची आणि घरीं कारण सांगावयाचें.

अशा गांवीं मोठी इमारत बांधण्याची वाट पाहण्याचें कारण दिसत नाहीं. रमाबाईंनीं वाड्यांतल्या खोल्यांवर आरंभ केला. शाळेची किंवा नगरपालिकेची एक खोली, कुलूप लागेल असें कपाट, पिण्याचें पाणी, स्वच्छ शौचकूप, लहान मुलांस निजवावयास सतरंजी, दोन शिवणयंत्रें आणि कायदा जाणणारी एक शांत बाई, इतकें असलें तरी पुरे. वार व वेळ ठरलेली पाहिजे, व ती कधीं चुकतां कामा नये. दुपारीं तीनला दार उघडून पांचाला मिटलें, तर वलवण-कार्ल्याकडच्या बायकांस दिवेलागणीपूर्वीं घरीं पोंचतां येईल.